सिद्ध न झालेल्या गोष्टीचं पत्रक

सरांना कायम जागा मिळाली नाही, त्याला कॉलेजची संस्था जबाबदार आहे असं मी दोन वर्षं प्रत्येक सभेत ओरडून सांगत आले. ते खरंच आहे. पण संस्थेच्या हातात दगड मी दिला होता. एक पानी, एका बाजूला छापलेला, हजार प्रतींचा. हे मी कुठल्याच सभेत बोलले नाही. इथे लिहिते.

सर गणिताचे, त्यातही बीजगणिताचे. बीजगणित म्हटलं की लोकांना दहावीतले एक्स आणि वाय आठवतात. सरांचं बीजगणित त्याच्या फार पुढचं. त्यात आकडे जवळजवळ नसायचेच. गोंदिया जिल्ह्यात सालेकशाच्या पलीकडे, कचारगडच्या वाटेवरच्या एका गावात त्यांचं घर. आई मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायची. वडील जंगल खात्यात रोजंदारीवर. घरात गोंडी, शाळेत मराठी, गोंदियाच्या कॉलेजात हिंदी आणि पुढे विद्यापीठात इंग्रजी. "चार भाषा शिकता शिकता दमलो," सर म्हणायचे, "म्हून पाचवी अशी धरली का जिच्यात बोलाच लागत नाही."

हैदराबादला त्यांनी पीएचडी केली. त्यांचे गाईड त्यांना दोन वर्षांसाठी परदेशात पाठवणार होते, कागदपत्रंही तयार होती. तेवढ्यात वडिलांना लकवा मारला. सर परत आले. वडील त्यानंतर सहा वर्षं खाटेवर होते. ते गेले तोवर सरांना बोलावणारे लोक दुसऱ्यांना बोलावू लागले होते.

मग सर तालुक्याच्या कॉलेजात लागले. लागले म्हणजे तासिका तत्त्वावर. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांनी आपलं नशीब समजावं. जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. दिवाळीत शून्य, उन्हाळ्यात शून्य, परीक्षा चालू असताना शून्य. दरवर्षी नवी मुलाखत, त्याच माणसाची, त्याच खुर्चीसाठी. बारा वर्षं. शिपायाची नोकरी पक्की, पीएचडीवाल्याची कच्ची. लग्नाचं कोणी विचारलं तर सर हसायचे. "तासिकेवरच्या नवऱ्याले कोन पोरगी देते? तिलेबी तासिकेवरच आनावं लागंल."

स्टाफरूममध्ये त्यांच्या पाठीमागे त्यांना "कोट्यातले सर" म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी एकाचे बारा शोधनिबंध होते, बाराही पैसे भरून छापलेले, त्यातल्या दोनांचा मजकूर एकच. सरांचे चार. चारही अशा ठिकाणी छापलेले की जिथून "मान्य नाही, पुन्हा लिहा" असं तीन-तीनदा परत येतं. कॉलेजच्या फॉर्ममध्ये मात्र बारा हे चारापेक्षा जास्त असतात. एवढं गणित आमच्या संस्थेला येतं.

मी त्यांची विद्यार्थिनी. पहिल्या वर्षी मला बीजगणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. एके दिवशी सर वर्गात एक चौकोनी फरशी घेऊन आले. कॉलेजच्या नव्या संडासाच्या कामातून उरलेली. तिच्या चारही कोपऱ्यांवर त्यांनी स्केचपेनने आकडे टाकले होते, मागूनही.

"ही फरशी हिच्याच खाचेत बसवायची. किती तऱ्हेनं बसते?"

कोणी म्हणालं एक, कोणी म्हणालं चार. सरांनी ती फिरवली, उलटवली, परत फिरवली. आठ झाल्या.

"आता आधी फिरवा, मंग पलटवा. आन मंग आधी पलटवा, नंतर फिरवा."

दोन्ही वेळा कोपऱ्यातले आकडे वेगळे आले. मागच्या बाकावरून एक पोट्टा ओरडला, "सर, मंग बरोबर कोनतं?"

"दोन्ही. क्रम बदलला का गोष्ट बदलते, एवढंच पाहाचं. जगात बहुतेक गोष्टी अशाच असतात. आपन उगाच बेरजेची सवय लावून घेतली." आणि मग त्यांनी सांगितलं की या आठ हालचालींच्या कुटुंबाला ग्रुप म्हणतात, आणि त्यांनी सगळं आयुष्य अशा कुटुंबांत घालवलं आहे. काही एवढी मोठी की कुठल्या फरशीत मावणार नाहीत.

मला गणित त्यानंतरही फारसं आलं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मला काही विकत न घेता, न विकता, नुसतं दाखवलं, असं वाटलं.

तिसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या जेवणावरून आम्ही मुलींनी धरणं धरलं आणि मी संघटनेत ओढली गेले. गणित मागे पडलं, पत्रकं सुरू झाली. आमच्या संघटनेतल्या दादांनी, जे तीस वर्षं या जिल्ह्यात पत्रकं लिहीत आले आहेत, मला पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी शिकवल्या. वरचं वाक्य मोठ्या टायपात, कारण बाकीचं कोणी वाचत नाही. शेवटी मागणी. आणि तिसरी: "पत्रकात 'कदाचित' लिवाचं नाही. 'असे समजते' लिवाचं नाही. तूच डगमगली तं वाचणारा कायले उभा राहील?" मला ते पटलं. अजूनही बऱ्याच ठिकाणी पटतं.

सरांच्या गावात वनहक्काचे दावे भरायचं काम होतं, त्यामुळे त्यांच्या घरी माझं जाणं-येणं वाढलं. उरलेली पत्रकं मी त्यांना नेऊन द्यायची. पाठ कोरी असते. सर त्या पाठींवर गणित करत. पुढून "रोहयोची मजुरी द्या", मागून सरांच्या बारीक अक्षरातली चिन्हं. "तुमच्या संघटनेचा मी सगळ्यात मोठा वाचक," ते म्हणायचे. "फक्त उलट्या बाजूनं."

त्यांचा एक प्रश्न होता. एका प्रकारच्या ग्रुपमध्ये एका विशिष्ट तऱ्हेची अदलाबदल नेहमी सापडतेच का? यापेक्षा सोपं करून ते मला सांगू शकले नाहीत आणि यापेक्षा अवघड मला समजलं नाही. जगभरात लोक त्यावर काम करतात. काही प्रकारांसाठी उत्तर आलं आहे, सगळ्यांसाठी नाही. सर नऊ वर्षं त्यावर बसले होते.

आणि त्यांचा एक नियम होता. सिद्धता लिहून पूर्ण झाली की ती कोणाला दाखवायची नाही. फडक्यात बांधायची आणि वरच्या फळीवर ठेवून द्यायची. धानाचं, म्हणजे भाताचं, एक पीक येईपर्यंत. रोवणीत ठेवली तर कापणीत काढायची. तोवर तिला हात लावायचा नाही. मी विचारलं, काऊन? तर म्हणाले, हैदराबादला असताना एक सिद्धता लिहिली आणि दुसऱ्याच दिवशी भर सेमिनारमध्ये सांगायला उभा राहिलो. पाच मिनिटांत एका पोरीनं चूक दाखवली. त्या पोरीचं बरोबर होतं. "ताज्या सिद्धतेवर आपला जीव असते. जीव असलेली गोष्ट दुश्मनासारखी वाचता येत नाही. चार महिन्यांनी ती दुसऱ्याची वाटते. मंग वाचता येते."

मग हे सगळं घडलं ते वर्ष. रोवणी आटपत आली होती. मी दुपारी त्यांच्याकडे गेले तर सर खाली बसून फडक्याची गाठ मारत होते. साठ-सत्तर पत्रकांचा गठ्ठा. सगळी माझ्याच ओळखीची.

"बाई," ते मला म्हणाले, "बहुतेक झालं."

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांच्या आईने मला काळा चहा दिला आणि सरांकडे बोट दाखवून हसली. तिला गणित माहीत नव्हतं, पण पोराचं तोंड माहीत होतं.

बहुतेक. हा शब्द मला नीट ऐकू आला होता. तो मी मुद्दाम गाळला.

कारण त्याच आठवड्यात जाहिरात आली होती. बारा वर्षांनी पहिल्यांदा गणिताची एक कायम जागा. खुल्या गटातली. मुलाखत पोळ्यानंतर. आणि गावभर बोललं जात होतं की अध्यक्षांच्या साडूचा पोरगा आधीच ठरलेला आहे. सर पात्र होते, सर श्रेष्ठ होते, आणि सर काहीही करणार नव्हते. अर्ज भरून गप्प बसणार होते. मला त्या गप्प बसण्याचा राग यायचा. दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग तू लिव ना. लोकाईले कळू दे, कोन माणूस आहे ते."

मी लिहिलं. अर्ध्या तासात. वर मोठ्या टायपात: जगाला न सुटलेला प्रश्न सालेकशात सुटला! खाली: आणि सोडवणारा बारा वर्षं तासिकेवर! शेवटी मागणी: कायम जागेवर त्यांचाच हक्क. सरांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर छापू दिलं नसतं, हे मला माहीत होतं, म्हणूनच दाखवलं नाही.

आम्ही ते सालेकशाच्या स्टेशनवर वाटलं, आठवडी बाजारात वाटलं, कॉलेजच्या फाटकावर, गोंदियाच्या बसस्टँडवर. माझं घर सौंदडचं, तर जाताना तिथल्या फलाटावरही शंभरेक वाटली. लोकांनी वाचलं. चहाच्या टपरीवर एक म्हातारा मला म्हणाला, "आपल्याकडचा मानूस? खरंच? इंग्रजाईले नाही जमलं ते?" मी म्हटलं, होय बाबा, खरंच.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला कॉलेजच्या सायकल स्टँडजवळ गाठलं. हातात पत्रक.

"हे तू लिवली?"

"हो सर."

"सुटला असं मी कधी म्हटलो?"

"सर, तुम्ही म्हणाले झालं म्हणून."

"बहुतेक म्हटलो."

 ते पत्रकाकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"किती वाटल्या?"

"हजार."

"वापस जमा नाही होत ना?"

"नाही सर."

ते तसेच प्राचार्यांकडे गेले, हे खरं नाही म्हणून सांगायला. मी बाहेर थांबले. पंधरा मिनिटांत सर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा आणखी पडलेला. प्राचार्य खूश होते. अध्यक्षसाहेब खूश होते. दोन दिवसांपूर्वी ज्यांना सरांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं त्यांना आता सर संस्थेचं भूषण वाटत होते. प्राचार्यांनी सांगितलं होतं, "अहो सर, कायले शंका काढून राहिले? चाललं ते चांगलं चाललं. पंधरा दिवसांवर मुलाखत आहे. चुप्प बसा."

"बरोबर बोलले," मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तूबी?"

"सर, जागा मिळू द्या. मग काय सांगायचं ते सांगा. जागा मिळाल्यावर खरं बोलायला कोणी अडवणार आहे?"

हेही इथे लिहून ठेवते. पत्रक घाईत लिहिलं होतं, असं तरी म्हणता येईल. हे मी शांतपणे, विचार करून म्हटलं होतं.

चार दिवसांत कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. हार्दिक अभिनंदन! वर अध्यक्षांचा फोटो, हात जोडलेला, खाटेएवढा. बाजूला प्राचार्य, उपाध्यक्ष, सचिव. खाली कोपऱ्यात सर, ओळखपत्रावरून उचललेला फोटो, कान अर्धे कापलेले. "जगातील अवघड गणित सोडविणारे आमच्या संस्थेचे सुपुत्र." माझंच वाक्य, त्यांच्या पैशाने. साडूच्या पोराचं नाव एकदम मागे पडलं. फ्लेक्स लावल्यावर दुसऱ्याला घेणार कसे? आमच्या संघटनेत जल्लोष झाला. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सर मात्र रोज त्या फाटकाने न जाता मागच्या शेतांच्या धुऱ्यावरून कॉलेजात शिरायला लागले.

पोळा झाला. मुलाखत झाली. मी स्टेशनजवळच्या टपरीवर बसून होते. सर आले, समोर बसले, चहा मागवला आणि तो निवेपर्यंत प्यायले नाहीत.

"काय झालं सर?"

"बाहेरचे एक तज्ज्ञ होते. भले माणूस. त्याईनंच आधी अभिनंदन केलं. मंग विचारलं, सगळ्याच केसेस झाल्या का? पेपर कुठं पाठवला?"

"मग?"

"मी म्हटलो, पाठवला नाही. झाला का नाही तेच माहीत नाही. अजून वाचला नाही."

टपरीवाल्याच्या रेडिओवर गाणं चालू होतं. मला त्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"सर, नुसतं हो म्हटलं असतं तर?"

"हो काय?"

"पेपर लिहिणं चालू आहे म्हणायचं. ते खोटं नव्हतं ना."

"त्या माणसानं मले गणितातला प्रश्न विचारला, बाई. नोकरीतला नाही." मग निवलेल्या चहाचा घोट घेऊन: "अध्यक्षाचं तोंड पाहाले पाहिजे होतं तू. फ्लेक्सवर हात जोडलेले होते ना? ते हात सुटले." ते हसले. मी नाही हसले.

संध्याकाळी फ्लेक्स उतरला. साडूचा पोरगा लागला. त्याला फरशी कशी फिरवतात हे माहीत असेल, माझा आक्षेप त्याच्यावर नाही. आठवड्याभरात सरांना पत्र मिळालं: संस्थेची दिशाभूल करून खोटी प्रसिद्धी मिळवल्याबद्दल खुलासा करावा. पत्रक त्यांनी छापलं नव्हतं, हे एका ओळीत लिहून मोकळं होता आलं असतं. कोणी छापलं ते लिहावं लागलं असतं म्हणून त्यांनी ती ओळ लिहिली नाही. मी म्हटलं, माझं नाव टाका. तर म्हणाले, तुझ्या त्या धरण्याची केस अजून कोर्टात आहे, गप्प बस. खुलाशात त्यांनी लिहिलं की प्रसिद्ध झालेला दावा सिद्ध झालेला नाही. बस. त्यांच्या तासिका थांबल्या. पुढच्या वर्षीचा आदेश निघाला त्यात त्यांचं नाव नव्हतं.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांची आई दारात सुपात धान पाखडत होती. तिने मला पाहिलं आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. बरंच लांब. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी भाषांतर केलं नाही.

आम्ही मोर्चा काढला. तीसेक लोक. तहसीलदारांना निवेदन दिलं, फोटो काढला. या मोर्च्यातल्या भाषणातही मी म्हटलं की जगाला न सुटलेला प्रश्न सोडवणाऱ्या माणसावर अन्याय. सवय झाली होती. सर मोर्च्यात नव्हते.

कापणी झाली. नियमाप्रमाणे सरांनी गठ्ठा खाली काढला. तीन दिवस ते ओसरीवर बसून वाचत होते, पेन न घेता. तिसऱ्या दिवशी मी काही दाव्यांचे नकाशे घेऊन गेले होते. त्यांनी हाताने बस म्हटलं, आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. मागे माझंच जुनं पत्रक, पुढे चिन्हांच्या ओळी, मधे दोन शब्द मराठीत: उघड आहे.

"इथं," सर म्हणाले. "जे उघड म्हटलो तेच उघड नाही. बाकी सगळ्याईसाठी चालते. दोनच्या घाताचे, म्हंजे दोन-चार-आठ-सोळावाले जे ग्रुप असतात त्याईच्यासाठी चालत नाही."

"म्हणजे खोटं निघालं?"

"नाही."

"मग खरं?"

"माहीत नाही. सिद्धता अपुरी आहे. विधान खरंबी असू शकते." ते कागद एकावर एक लावत होते, कडा जुळवत. "तुमच्या पत्रकात खरं आन खोटं, दोनच खाने असतात. तिसरा खाना मोठा आहे, बाई. बहुतेक जग तिसऱ्याच खान्यात आहे."

मग त्यांनी सांगितलं, दुरुस्तीचं पत्रक काढ. तेवढ्याच प्रती. तेवढ्याच जागी वाट.

मी हबकले. दादांना विचारलं तर ते सरळ म्हणाले, "वेडी आहेस का? तीस वर्षांत मी एक पत्रक वापस घेतलं नाही. संस्थावाले नाचतील. उद्या वनहक्काचं पत्रक वाटशील तं लोक म्हणतील, थांबा, दुरुस्ती येईल." आणि त्यांचं चुकत नव्हतं. तेच मला जास्त बोचलं. दोन दिवस मी सरांकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी लिहायला बसले. पहिल्या पत्रकाला अर्धा तास लागला होता. याला अख्खी दुपार.

मी लिहिलं: सरांची सिद्धता चुकीची निघाली. सरांनी खोडलं. "चुकीची नाही, अपुरी." मी लिहिलं: प्रश्न सुटला नाही. त्यांनी त्यापुढे जोडलं, दोनच्या घाताचे ग्रुप सोडून बाकीच्यांसाठी काय सिद्ध झालं आहे ते. मी म्हटलं, सर, बाजारात मिरच्या घ्यायला आलेल्या बाईला दोनच्या घाताचं काय? "पहिलं पत्रक तिलेच दिलं होतं ना?" ते म्हणाले. मग मी मजकूर तसाच ठेवला. एक ओळ मात्र मी त्यांना न विचारता खाली टाकली, आणि ती छापून झाल्यावरच त्यांनी पाहिली: आधीचे पत्रक सरांना न विचारता काढले होते, ते लिहिणारी मी. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि फक्त एवढंच म्हणाले, "हे बरोबर आहे."

वाटायला मी एकटीच. सालेकशाचं स्टेशन, बाजार, कॉलेजचं फाटक, गोंदियाचा बसस्टँड. फाटकावर संस्थेच्या एका माणसाने हसत वीस प्रती जास्तीच्या मागून घेतल्या. दिल्या. टपरीवरचा तो म्हातारा वाचून म्हणाला, "म्हंजे नाही झालं?" मी म्हटलं, पूर्ण नाही झालं. त्याने कागद घडी करून परत माझ्याच हातात दिला.

सौंदडला मी गेले नाही. दमले होते, आणि तिथे माझ्या ओळखीचे लोक. सर तेव्हा गोंदियाला पोलीस भरतीच्या क्लासमध्ये शिकवायला लागले होते. शेकडेवारी, काळ-काम-वेग. एका जिन्याखालच्या खोलीत साठ पोरं. ते अजूनही तिथेच आहेत. मधल्या सुट्टीत मी भेटले तर त्यांनी विचारलं, "सौंदडले वाटली?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सौंदडला उतरले. फलाटावर पंधरा-वीस लोक. एक बाई पोत्यावर बसली होती, मी तिला कागद दिला.

"मले वाचता येत नाही वो. वाचून दाखव."

मी वाचला. दोनच्या घातासकट. खालची ओळ वाचताना आवाज बारीक झाला, तर ती म्हणाली, "मोठ्यानं वाच ना." मोठ्याने वाचली. आजूबाजूचे दोघं-तिघं माना वळवून ऐकत होते.

"मंग त्या मास्तरची नोकरी?" तिने विचारलं.

"गेली."

"हा कागद वाचून वापस देतील का?"

"नाही."

"मंग कायले वाटून राहिली?"

मी हातातल्या कागदांच्या कडा जुळवल्या.  गाडी लागली तशी तिने पोतं उचललं, कागद कमरेला खोचला आणि डब्यात चढली. माझ्या हातात अजून नव्वद होते. मी पुढच्या माणसाकडे गेले.